मधलं कडवं

ताडकळस
दि. १२ जानेवारी २०२५

आदरणीय नागनाथदादास,
धाकट्या रोहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडं आमी सगळे खुशाल. तुझी तब्येत वहिनी फोनवर सांगते, पण ती मला सगळं गोड करून सांगते, म्हणून आता तूच लिही. मोबाइल हाताशी असताना ही पोस्टात कशाला गेली म्हणून हसशील. तर ऐक. मोबाइलवर काही लिहिलं की माझी पोरं ते माझ्या आधी वाचतात. आणि माझ्या हातात फोन दिसला की माय हात पुढं करते, नागनाथ हाय का, दे म्हणते. कागद दिसला तर अंगणवाडीचं काम समजून गप बसते.

तुझ्या घशाची गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजही काढला, हे मायला अजून मालूम न्हाई. ऑपरेशनच्या आधी तू तिला माझ्याकडं आणून सोडलंस तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणाला होतास. त्याला आता पावसाळा गेला, दिवाळी गेली. घरी कधी जायचं म्हणून ती विचारत न्हाई, पण पिशवी अजून भरलेलीच ठेवलीय.

परवा एक गंमत झाली. म्हणजे गंमत कसली. माझी नवी सून निकिता मला चुलीपाशी विचारायली की, आत्याबाई, सांजच्याला वंदना झाल्यावर तुमी सगळे ती कविता म्हणता, तर मधेच तोंडं मिटून का बसता. तिच्या माहेरी असलं काही न्हाई. मग तिला सगळं सांगत बसले. की ही दादाच्या तिसरीच्या पुस्तकातली कविता. आमचा बा रेल्वेत गँगमन, त्याला अक्षर येत न्हवतं आणि लेकरांच्या तोंडून पुस्तकातलं ऐकायची लय हौस. कवितेला तीन कडवी, घरात तीन लेकरं. बानंच वाटून दिली. पहिलं दादाचं:

बाप गेला शेतावर
त्याची सावली दारात
ऊन चढले डोक्याशी
तरी गारवा घरात

बा म्हणायचा, मला कुठंय रे शेत, रुळावर गेला म्हण. आणि तू ऐकायचा न्हाईस, पुस्तकात शेतच हाय म्हणून हट्ट धरायचास. दुसरं कडवं सुगतचं. तिसरं माझं. मी शाळेतही जात न्हवते, ऐकून ऐकून पाठ झालेलं. मग सुगत तापानं गेला. मला त्याचा चेहरा आठवत न्हाई, खरं सांगते. त्याचं कोपर तेवढं आठवतं, कारण एका ताटात जेवताना ते माझ्या बरगडीत लागायचं.

तो गेल्यावरही मायनं कविता मोडली न्हाई. तू पहिलं म्हणायचं, मग मधल्या चार ओळींना सगळ्यांनी गप. तेवढ्या वेळात माय मान हलवायची, कुणी म्हणतंय आणि ती ऐकतेय अशी. मग मी माझं म्हणायचं:

एका ताटात बसतो
भांडतो नि जेवतो ना
ज्याला होईल उशीर
त्याचा घास ठेवतो ना

आणि जेवायला बसलं की मायच्या ताटाच्या कडेला एक घास बाजूला. बानं नैवेद्य, भूतखेत, अंगात येणं सगळं सोडलेलं. वस्तीतली माणसं बोलली की नागनाथचे वडील, हा घास मग कसला. तर बा म्हणाला, हा विधी न्हाई, कविता हाय, सरकारी पुस्तकातली.

निकितानं सगळं ऐकलं आणि म्हणली की मग ते दुसरं कडवं म्हणून दाखवा. दादा, मला ते येतं. पण जीभच हलेना. तव्यावरची भाकर करपली.

आता मुद्द्याचं. तुझं कडवं कोण म्हणणार? आधी मी सांगितलं की दादा ड्युटीवर हाय. तू रिटायर झालेला ती विसरलीय, त्यामुळं चाललं, तुझं कडवं मीच म्हणायचे. पण आता ती म्हणते की मग येऊ दे त्याला, पहिल्याशिवाय दुसरं कसं म्हणायचं, सुगत थांबून राहील. आणि तशीच बसते. ताट गार होतंय. कैकदा न जेवता आडवी होते. हाडं लागायली आता हाताला. दादा, आवाज गेला तर गेला. तोंड तर हाय ना, ते घेऊन ये.

वहिनीला जयभीम. माझ्या रागाला लोभच समज.
तुझी
रोहिणी


पूर्णा
दि. २० जानेवारी २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी बरा हाय. गळ्याला भोक हाय, त्यावर रुमाल बांधतो, श्वास तिथूनच येतो जातो. जेवण जातंय. तंबाखू सुटली, आता सुटून काय उपयोग, पण तुझी वहिनी खुश हाय. बोलायचं असलं की पाटीवर लिहितो. तीस वर्षं यार्डात शंटिंगला ओरडलो, इंजिनाच्या वर माझा आवाज जायचा. आता चहा पाहिजे म्हणून खडू शोधावा लागतोय. तुझी वहिनी म्हणते, संसारात पहिल्यांदा तुमचं सगळं वाचून मग उत्तर देता येतंय.

तू ये म्हणतीस. मी का येत न्हाई ते तुला कळंल असं वाटलं होतं. आपल्या घरात कविता चालू असताना ज्याच्या कडव्याला गप बसतात, तो मेलेला असतो. मायनं हे आपल्याला शिकवलं न्हाई, आपण बघून शिकलो. मी येऊन तिच्या समोर बसलो, वंदना झाली, पहिलं कडवं आलं आणि मी तोंड मिटून बसलो, तर ती काय समजंल? तिचं डोकं आता धड न्हाई. ऑपरेशन, गाठ, नळी, हे तिला समजावून सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी विसरंल. गप बसलेला मी तेवढा लक्षात राहीन. एक लेकरू तिनं असं गप ऐकत सांभाळलंय. दुसरं सांभाळायला लावायचं का?

आणखी एक लिहितो, तुझ्या घरात वाचून दाखवू नको. दवाखान्यातून आल्यापासून मला सुगत ऐकू येतोय. सांजच्याला, पाण्याची मोटर बंद झाली की. आधी वाटलं शेजारच्या घरातलं पोरगं अभ्यास करायलंय. पण शेजारी कुलूप हाय. आवाज त्याचाच. सर्दी झाल्यासारखा, ओळ संपायच्या आत नाक ओढणारा. मी भूत मानत न्हाई, बानं मानू दिलं न्हाई. पण मी घरात बोलत होतो तोवर तो कधी बोलला न्हाई, हे बी खरं. माझी जागा रिकामी झाली आणि तो बोलायला लागला असं वाटतंय. काय म्हणतो ते लिहितो. बोलायचं न्हाई असं ठरलं होतं, लिहायचं न्हाई असं कुणी म्हणलं न्हवतं:

आई विझविते चूल
ऊब राहते हातात
तोच हात फिरे पाठी
झोप उतरे डोळ्यांत

 तू वाचलंस की कागद ठेव किंवा फाड, पण मायच्या पुढ्यात नको.

मायला सांग की नागनाथची बदली लांब झालीय. लांबची ड्युटी, साहेब सुट्टी देत न्हाई. तिला जेवायला लाव. जबरदस्ती कर थोडी.

तुझ्या मालकांना आणि पोरांना जयभीम, निकिताला आशीर्वाद. मनात असू दे मला.
तुझा
नागनाथदादा


ताडकळस
दि. ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय. फाडवलं न्हाई. त्या चार ओळी वाचून मी अंगणवाडीतल्या लेकरांसमोर रडले, आणि ती पोरं मला खिचडी भरवायला आली.

बदलीचं सांगितलं. दोन दिवस चाललं. मग जे झालं ते लिहिते. बाजाराच्या दिवशी मी घरी न्हवते, निकिता मागं धुणं धूत होती. माय पुढच्या खोलीत बाजेवर. मी भाजी घेऊन आले तर ती एकदम शांत बसलेली, आणि मला म्हणली की नागनाथ येऊन गेला. मी म्हणलं, कुठं गेला मग, बसला का न्हाई. तर म्हणली, दारात उभा होता, गळ्याला फडकं बांधलेलं. मी आलास का बाबा म्हणलं, कडवं म्हण म्हणलं, तर नुसते ओठ हलवले. आवाज न्हाई. मग गेला. सुगत बी असाच दारात येतो, आत येत न्हाई, म्हणली.

मी तिला सांगितलं की माय, तुला स्वप्न पडलं असंल. पण गळ्याच्या फडक्याचं तिला कसं कळलं रे? आमी तर कुणी बोललो न्हाई. 

त्या सांजेला वंदना झाली. मी तोंड उघडायच्या आत मायनं हात वर केला, सुगतच्या कडव्याला करते तसा. सगळे गप. ती मान हलवत राहिली. मग हात खाली घेतला न्हाई, तसाच ठेवला, म्हणजे सुगतचं. पुन्हा गप. आठ ओळी आमी गप बसलो दादा. निकिता रडायला लागली. मग मी माझं म्हणलं, कसं म्हणलं ते मला विचारू नको.

आणि ताटाच्या कडेला तिनं दोन घास ठेवले. तेव्हापासून रोज दोन ठेवायलीय. स्वतः जेवते बी, आता थांबत न्हाई कुणासाठी. गावातल्या बायका म्हणतात, माय सुधारली. मला तिचं ते जेवणं बघवत न्हाई. जिवंत भावाचा घास माझ्या डोळ्यांसमोर कडेला पडतो आणि सकाळी कोंबड्यांना घालते मी.

तू जिवंत हायेस ना, असं मला तुलाच विचारावं वाटायलंय. ये आता. तिच्यासाठी न्हाई तर माझ्यासाठी ये.

पत्राची वाट बघते, आणि त्याहून तुझी.
रोहिणी


पूर्णा
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

मायला स्वप्न पडलं न्हाई. मी आलो होतो.

तुझं पहिलं पत्र खिशात घेऊन मी दोनदा बसस्टँडवर गेलो आणि घरी आलो. तिसऱ्यांदा बसलो. तू बाजारात असशील हे धरूनच बाजाराचा दिवस पकडला. नुसतं लांबून बघायचं आणि फिरायचं, असं ठरवलं होतं. दार उघडं होतं. मायनं बघितलं, ओळखलं, आणि बोलली. तू लिहिलंस तेच शब्द. रोहिणी, मी म्हणायला गेलो. खरंच गेलो. बाप गेला शेतावर, एवढं तोंडात जुळवलं, आणि गळ्याच्या भोकातून नुसती फुस्स अशी हवा. माय वाट बघत होती, कान पुढं करून. मला पुढं उभं राहवलं न्हाई. रस्त्याला लागलो, मिळाली ती जीप धरली.

म्हणजे ज्याला भिऊन मी येत न्हवतो ते मीच करून ठेवलं. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई, आणि मी तर बोलूच शकत न्हाई, घर कसं झालं असंल बघ.

पण तुझं पत्र चार वेळा वाचून मला एक सुचतंय. ती जेवायलीय ना? शांत हाय ना? तिनं माझं दुःख एकदा केलं. तसंच असू दे. मी पुन्हा समोर आलो, गेलो, पुन्हा आलो, तर ती रोज नव्यानं रडंल. दोन घास तर दोन घास. मला लागतं फक्त सांजच्याला. तेव्हा सुगत बोलतोय आणि मी गप बसून ऐकतोय, आणि वाटतं की ताडकळसला या वेळी माझ्यासाठी बी सगळे गप बसले असतील. मग मी आरशापुढं जाऊन रुमाल सोडून बघतो, श्वास चालू हाय का.

मायच्या पायाला तेल लावत जा, थंडी हाय. माझ्यावर चिडलीस तरी पत्र टाकणं सोडू नको.
नागनाथ


ताडकळस
दि. २३ फेब्रुवारी २०२५

दादास,
जयभीम.

आज वि. वि. लिहीत न्हाई, कारण विनंती न्हाई, हुकूम हाय. तसंच असू दे म्हणे! लेक जिवंत असताना माय त्याला मेलेला समजून भाकरी खाती, हे तुला चालतंय? मला चालत न्हाई. तू आयुष्यभर घरात मोठेपणा केलास, मी ऐकलं. एवढं तू ऐक.

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीच्या ट्रेनिंगला परभणीला हाय, मुक्काम तिथंच. आमचे मालक पोरांना घेऊन पोखर्णीला भाच्याच्या कामाला. घरात निकिता आणि माय. कुणी तुला बघून डोळे पुसणार न्हाई, लाज वाटायचं कारण न्हाई. पाटी घेऊन ये. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिही, की मी जिवंत हाय, घशाचं ऑपरेशन झालं, म्हणून बोलत न्हाई. निकिता मायला मोठ्यानं वाचून दाखवील. उद्या विसरली तर उद्या परत वाचंल. परवा विसरली तर परवा. ती पोरगी कंटाळणार न्हाई, मी तिला सांगून ठेवलंय. पण मायनं मरताना तरी दोन घास ठेवून मरू नये.

आत ये. दारात उभा राहू नको.
रोहिणी


पूर्णा
दि. ७ मार्च २०२५

चि. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद.

तू परभणीहून आलीस की निकिता तुला सांगंलच. पण ती बराच वेळ मागं चुलीपाशी होती, आणि जे झालं ते तुला माझ्याच हातचं वाचायला मिळावं म्हणून लिहितो.

काल दुपार कलल्यावर पोचलो. पाटी घरूनच लिहून पिशवीत घेतली होती, तू सांगितलं तसं, मोठ्या अक्षरात. आत गेलो. मायच्या बाजेवर, तिच्या पायाशी बसलो. तिनं बघितलं आणि घाबरली न्हाई. बस म्हणली. जसं काही मी रोज येतो. लय वाळलीय गं ती. मी तिचा पाय मांडीवर घेतला, तिनं घेऊ दिला.

निकितानं मेणबत्ती लावली, वंदना झाली. मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात मायनं हात वर केला. माझंच कडवं मी माझ्या समोर गप बसून ऐकलं. ती मान हलवत होती, डोळे मिटून, आणि शेवटच्या ओळीला हसली. माझ्या आवाजात ते कसं लागायचं ते तिला पाठ हाय. मग सुगतचं. तुझं तिनं स्वतः म्हणलं.

निकिता ताट देऊन मागं गेली. मायनं दोन घास काढले आणि एक माझ्याकडं सरकवला. मी खाल्ला. वाटलं, आता कळंल. मेलेला खातो का? ती बघत राहिली. मग मी रुमाल सोडला, तिचा हात धरून गळ्यावर ठेवला, श्वास तिच्या तळव्याला लागू दिला. ती थोडा वेळ तसाच हात ठेवून बसली. मग म्हणली की वारं लागतंय. तिकडं वारं लय असतंय का, असं तिनं विचारलं.

मी पाटी बाहेर काढायलोच होतो, आणि तिनं विचारलं की सुगत तिकडं तुझ्याजवळच हाय का.

रोहिणी, मग ती बोलत राहिली. आयुष्यात जे बोलली न्हाई ते. त्या तापात सुगत भाकर मागत होता. दिवसभर मागत होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं होतं की ताप उतरेपर्यंत पोटात काही घालू नका, म्हणून तिनं दिली न्हाई. टोपल्यात भाकर होती आणि दिली न्हाई. संध्याकाळी तो मागायचा थांबला, तिला वाटलं झोप लागली. आपण समजत होतो घास तुझ्या कडव्यामुळं हाय. बा बी तेच समजत मेला. तिनं कुणाला सांगितलं न्हाई. ती म्हणली, रोज ठेवते, पण त्यानं आजवर खाल्ला न्हाई. तू खाल्लास. तो का खात न्हाई? माझ्यावर रुसलाय का, तेवढं सांग.

तुमच्यापैकी कुणाला तिनं हे विचारलं नसतं. जिवंत माणसाला हे कसं ठाऊक असणार? मला विचारलं, कारण तिच्या लेखी मी तिकडून आलोय. पाटी माझ्या हातात होती. ती दाखवली असती तर मी तिचा जिवंत लेक झालो असतो, आणि ज्याला काहीच ठाऊक न्हाई असा झालो असतो.

मी पाटी पिशवीत परत सारली. मान हलवली, न्हाई म्हणून. रुसला न्हाई. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली. मग विचारलं की पोट भरतंय का त्याचं. मी होय म्हणून हलवली. लय वेळ ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं दुसरा घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावून खाल्ला. मी जन्मात तिला तो घास खाताना बघितलं न्हवतं.

आता तू चिडशील. चिड. तू जिवंत भाऊ मागितला होतास आणि मी मेलेला होऊन आलो. निकिताला सांग, पाटी वाचायची न्हाई. मायसमोर माझी खबर काढायची न्हाई, फोन आला म्हणायचं न्हाई. मी रोज बसनं येईन, बाजेवर बसीन आणि जाईन. तुझी वहिनी हे वाचून आत जाऊन बसलीय. तिला बी मी समजावू शकत न्हाई, खडू हातात असून.

घरी आलो तेव्हा मोटर बंद होती. मी बसून राहिलो. सुगत बोलला न्हाई.

निघताना मायनं माझा दंड धरला होता. म्हणली, उद्या येताना त्याला बी आण. तू मोठा हायेस, त्याचा हात धरून आण, तो एकटा आत यायला भितो. मी होय म्हणून मान हलवली. आता दुपारची बस हाय. जायचं तर हाय. ती दाराकडं तोंड करून बसली असंल, आणि मी एकटाच आत जाणार.

आशीर्वाद कमी पडला तरी घे.
नागनाथ